बांध धरून

भुरीला बघून लोक पहिला प्रश्न जातीचा विचारतात. पाठीवर काळा पट्टा, पोट आणि पाय तांबूस, एक कान ताठ, दुसरा टोकाशी मोडलेला. शेपूट मात्र गावठी, वर वळून पाठीला टेकलेली. डॉक्टरांनी दात बघून वयाचा अंदाज सांगितला आणि कार्डावर ‘अल्सेशियन क्रॉस’ असं लिहून दिलं. ते वाचलं की माणसं फाटकापासून दोन पावलं मागं सरतात. अल्सेशियन म्हणजे पोलिसांचं कुत्रं, चावणारं कुत्रं, ‘कुत्र्यापासून सावध रहा’ या पाटीमागचं कुत्रं. मी त्यांना सांगते, ही मेंढ्या वळणाऱ्या कुळातली आहे. बहुतेकांना ते पटत नाही. ज्यांना वेळ असतो त्यांना मी पुढचंही सांगते, कारण ते कळल्याशिवाय भुरी कळत नाही.

जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्स नावाचा घोडदळातला एक अधिकारी होता. 1899 साली कार्ल्सरूहे इथल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्याला हेक्टर नावाचा एक मेंढपाळी कुत्रा दिसला. त्यानं तो विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं, आणि त्याच वर्षी या कुत्र्यांसाठी संस्था काढून होरांडची तिथं पहिली नोंद केली. आज जगभर दिसणाऱ्या अल्सेशियनांची वंशावळ तिथून सुरू होते. श्टेफानिट्सला रूपाचं फारसं कौतुक नव्हतं. त्याला हवं होतं दिवसभर न थकता काम करणारं, माणसाचं ऐकणारं आणि वेळ पडली तर स्वतःच्या डोक्यानं निर्णय घेणारं कुत्रं.

आणि ते काम काय होतं? जर्मनीतल्या त्या शेतांना कुंपणं नसत. एका पट्ट्यात मेंढ्या चरायच्या आणि लगतच्या पट्ट्यात कुणाचं तरी पीक उभं असायचं. या दोघांच्या मधल्या सरीवरून कुत्रा दुडक्या चालीनं वर जायचा, टोकाला वळायचा, खाली यायचा, पुन्हा वळायचा. सकाळपासून सांजेपर्यंत हेच. मेंढीनं पिकाकडे मान वळवली की तो नुसता तिथं येऊन उभा राहायचा, आणि तेवढं पुरायचं. अगदीच न ऐकणारी मेंढी असेल तर मानेला किंवा मांडीला दात लावून लगेच सोडायचा. रक्त काढणारा कुत्रा या कामातून बाद होई. हा चालता-बोलता बांध होता. पुढे कारखाने वाढले, चराऊ रानं आटली, मेंढ्या कमी झाल्या. आपल्या कुत्र्यांना काम उरणार नाही हे श्टेफानिट्सनं ओळखलं आणि त्यांना पोलिसांकडे, सैन्याकडे नेलं. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांना वाट दाखवायला कुत्रे शिकवणारी शाळा ओल्डेनबुर्गमध्ये 1916 साली निघाली, तिथंही हेच कुत्रे होते. काम बदलत गेलं. पण बांध धरून चालण्याची सवय रक्तातून गेली नाही, हे मी पैजेवर सांगू शकते, कारण माझ्या घरात ती रोज चालते.

आमचं घर सासवडला, दुमजली. भुरी घरात रुळली आणि तिनं सगळ्यात आधी घराच्या हद्दी ठरवून घेतल्या. फाटकापासून चिकूच्या झाडापर्यंत, तिथून मागच्या मोरीपर्यंत, मग पायऱ्या चढून वरच्या गच्चीच्या दारापर्यंत. पावसाळ्यात त्या वाटेवर गवत उगवत नाही. रात्री जेवणं झाली की ती आधी सासूबाईंच्या खोलीत डोकावायची, मग वर मुलाच्या टेबलाखाली जाऊन त्याच्या पायाला नाक लावायची, मग आमच्या खोलीत. सगळे जागच्या जागी आहेत अशी खात्री पटली की जिन्याच्या मधल्या वळणावर पडायची. तिथून वरचंही दार दिसतं आणि खालचंही. मऊ गादी घालून दिली होती, ती तिनं कधी वापरली नाही. तिला उठून रात्रीतून दोन-तीनदा जिना चढताना ऐकलं की मला बरं वाटायचं. कुणीतरी जागं आहे, कुणीतरी आपली मोजदाद ठेवतंय.

पाहुणे आले की तिला आनंद होतो. ते निघाले की मात्र ती कासावीस होते. घोळका फुटायला लागला की तिला राहवत नाही. दिवाळीत माझे दीर-जाऊ मुलांना घेऊन निघतात तेव्हा ती फाटकात आडवी उभी राहते, भुंकत नाही, नुसती एकेकाच्या तोंडाकडे बघते. सासूबाई तिला समजावतात, “अगं बये, जाऊ दे त्यांना, त्यांची त्यांची घरं आहेत.” तिला ते मान्य नसतं. खरं सांगायचं तर सासूबाईंनाही नसतं.

शेजारच्या मुलांवरून सुरुवातीला ताण झाला. गल्लीत पोरं सायकली घेऊन पळायला लागली की भुरी मागून येऊन एकाच्या पोटरीला दात लावायची. ओरखडासुद्धा नाही, पण पोर घाबरायचं आणि त्याची आई घाबरायची, ते साहजिकच होतं. रेमंड कॉपिंजर या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं या प्रकाराचा उलगडा फार नेमका केला आहे. लांडग्याची शिकार एका साखळीनं चालते: हेरणं, रोखून बघणं, दबा धरून पुढं सरकणं, पाठलाग, चावा, आणि शेवटी जीव घेणं. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत मेंढपाळी कुत्र्यात या साखळीच्या सुरुवातीच्या कड्या ठळक केल्या आणि शेवटच्या पुसट. भुरी त्या पोराला चावत नव्हती, कळपातून फुटलेलं कोकरू आत ढकलत होती. तिला मारून काही होणार नव्हतं. तिला काम द्यायला हवं होतं.

मग आम्ही काम दिलं. “आजींना बोलाव” म्हटलं की ती जाऊन सासूबाईंच्या पदराला नाक लावते आणि त्या उठेपर्यंत हलत नाही. “दादाला बोलाव” म्हटलं की मुलाला घेऊन येते. सकाळी मी तिला लांब दोरीवर घेऊन माळाकडे जाते, आणि परतताना भाजीची हलकी पिशवी तिच्या तोंडात देते. ही पिशवी घराच्या ओट्यापर्यंत नेताना ती इकडेतिकडे बघतसुद्धा नाही. महिन्याभरात पोटऱ्या सुटल्या. आता तीच पोरं शाळेतून आली की ती कोपऱ्यापर्यंत जाऊन त्यांना आणते.

कुत्र्याला माया लागते असं सगळे सांगतात. लागतेच. पण या कुळातल्या कुत्र्यांना त्याआधी काम लागतं, आणि हे न कळता पिल्लू घेणारी माणसं फार आहेत. गुबगुबीत पिल्लू घरी येतं, मोठ्या कानांचे फोटो निघतात. वर्षाच्या आत ते दाराची चौकट कुरतडायला लागतं, अंगणात खड्डे काढतं, पाहुण्यांना अडवतं. म्हणजे त्याचं काम त्याच्या अंगातून बाहेर पडायला लागतं. आणि मग एके दिवशी गाडीत घालून त्याला घाटात सोडलं जातं. भुरी सासवड-जेजुरी रस्त्याजवळ एका अर्धवट बांधकामाच्या फाटकाला बांधलेली सापडली. काम थांबलं होतं, तिथं राहणारं कुणी नव्हतं. गळ्यातली साखळी कातडीत रुतली होती. पुण्याहून प्राण्यांसाठी काम करणारी दोन मुलं आली आणि कटरनं ती साखळी तोडली. जखम भरली, पण तिथले केस आता पांढरे उगवतात. प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. वडापावाच्या किमतीत एक जीव रस्त्यावर टाकता येतो याचा मला संताप येतो, आणि तो येत राहावा असंही मला वाटतं.

भुरीचं खरं काम मला एकदाच बघायला मिळालं. दिवाळी झाली की बारामती, फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्याच्या आधी परततात. वाटेत शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात. लेंडीखतासारखं खत नाही. असाच एक वाडा आमच्या माळाशेजारून चालला होता. पुढं घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, एका घोड्यावर गोधडीत गुंडाळलेलं लहान मूल. दोन दांडगी कुत्री घोड्यांबरोबर होती. त्यांनी भुरीला बघून गुरगुरायला सुरुवात केली, तशी एका बाईनं हाळी देऊन त्यांना पुढं काढलं. मागून काळ्या-करड्या मेंढ्यांचा लोंढा आला. वाटेच्या एका अंगाला नुकता उगवलेला हरभरा होता.

मी दोरी आखडून धरली. भुरीचं सगळं अंग थरथरत होतं, शेपूट उलगडून खाली आली होती, तोंड मिटलेलं. ती मेंढ्यांच्या दिशेनं गेलीच नाही. ती हरभऱ्याच्या बांधाकडे ओढायला लागली. मी दोरी सैल सोडली तशी ती मेंढ्या आणि पीक यांच्या बरोबर मध्ये गेली आणि बांध धरून दुडक्या चालीनं निघाली. दोरी संपली की वळली, परत आली, पुन्हा वळली. एका मेंढीनं हरभऱ्यात तोंड घातलं. भुरी थांबली. नुसती थांबली आणि तिच्याकडे बघितलं. मेंढीनं मान उचलली आणि लोंढ्यात शिरली.

मागं काठी टेकत येणारा म्हातारा धनगर उभाच राहिला. “कुनी शिकिवलं ओ हिला, ताई?”

“कुणी नाही, बाबा. मेंढरं पहिल्यांदाच बघतेय.”

“बांध धरून चालतीया बगा.” तो थोडा वेळ बघत राहिला. “आमची कुत्री राखत्यात. रातचं लांडगं आलं तर अंगावर जात्यात. पर वळत न्हाईत. वळायचं आमीच.” मग भुरीच्या गळ्याच्या पांढऱ्या केसांवरून अंगठा फिरवत म्हणाला, “हिला घरात काय करमत असंल?”

सासवडच्या माळांवर लांडगे अजून आहेत, आणि आपल्या धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या कुत्रं लागलं ते त्यांच्यासाठी. रात्री मेंढरं वाघरीत कोंडली की कुत्री भोवतीनं पसरून झोपतात. इथल्या देवालाही कुत्रं प्यारं आहे. जेजुरीच्या खंडोबानं बाणाईसाठी तिच्या बापाची मेंढरं राखली अशी कथा आहे, आणि त्याच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. ग्युंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन अभ्यासक कित्येक वर्षं याच मुलखात धनगरांबरोबर हिंडले आणि त्यांच्या ओव्या, त्यांची दैवतं यांवर त्यांनी आयुष्य घालवलं. मला वाटतं, त्यांना भुरी आवडली असती. बांधावर चालणारं जर्मन रक्त आणि वर वळलेली गावठी शेपूट.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देता येईल. गेल्या हिवाळ्यात भुरी मागच्या पायानं लंगडायला लागली. एक्स-रे काढला. खुब्याच्या सांध्याची खोबण उथळ आहे, त्यामुळे हाड घासलं जातं. या कुळात हा दोष बराच आढळतो. डॉक्टरांनी औषध दिलं, वजन वाढू देऊ नका म्हणाले, आणि जिना बंद. आम्ही जिन्याला लाकडी फाटक लावलं. पहिले काही दिवस ती त्या फाटकाशी उभी राहून वर बघायची. मुलगा वर अभ्यास करत असायचा, आम्ही वर झोपायला जायचो, आणि खाली ती रात्रभर हॉल आणि फाटक यांच्यामध्ये फेऱ्या घालायची. जिना बंद केल्यानं पायाला आराम मिळण्याऐवजी उलट चाल वाढली.

कुणी ठरवून बोललं असं नाही, पण आधी मुलानं त्याचं टेबल खाली आणलं. मग आमची झोपायची खोली खाली आली आणि वरच्या खोलीत पुस्तकं गेली. संध्याकाळी आता सगळे हॉलमध्येच असतात. सासूबाईंचा हरिपाठ, मुलाच्या कानात हेडफोन, ह्यांचे ऑफिसचे फोन, माझी वही, सगळं एकाच खोलीत चालतं, आणि आवाजावरून रोज एकदा तरी कुरबूर होते. भुरी मधोमध पडून असते. कुणी पाणी प्यायला उठलं की डोकं वर करते, माणूस परत आलं की खाली ठेवते. डॉक्टरांच्या मते पाय बरा आहे.

जागा मात्र अपुरी पडते. पावसाळा संपला की मधली भिंत पाडून हॉल वाढवायचा विचार आहे. परवा गवंडी माप घ्यायला आला होता, तेव्हा ती त्याच्या मागोमाग चारही कोपरे फिरली.