वाचते ती लेन्स

कार्तिकात पाथर्डीकडचे एक काका दुकानात आले. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन व्हीसीडी काढल्या. गावच्या हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, साल २००५, तालुक्याच्या एका स्टुडिओवाल्यानं शूट केलेलं. कीर्तनकार कोण, हे काकांनी सांगितलंच नाही. "मागं पखवाजावर बसलाय ना, तो आमचा थोरला भाऊ. त्याचा हात तेवढा ऐकायचाय," म्हणाले. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती. घरातला व्हीसीडी प्लेअर त्याच्याही आधी भंगारात गेला होता.

पहिली डिस्क मी टेबलावरच्या साटा रायटरमध्ये टाकली. ती फिरली, अडखळली, पुन्हा फिरली आणि स्क्रीन तिथंच थिजली. "तुमचा ड्राइव्ह जुना झाला असंल, नवा घ्या की," काका म्हणाले. मी माळ्यावरून त्याहून जुना काढला, मागं पिनांची दुहेरी रांग असलेला आयडीई रायटर. काकांच्या चेहऱ्यावरची शंका माझ्या ओळखीची होती. नगरला दिल्लीगेटच्या आत याच टेबलाशी बसून मी वीस वर्षं तो प्रश्न उलटसुलट ऐकला आहे. आयडीई घेऊ का साटा? जुनं राहू देऊ का बदलू?

ड्राइव्ह बोर्डाला जोडायच्या या दोन पद्धती. समोरून पाहिलं तर दोघांचं तोंड सारखंच. तोच सव्वापाच इंची खण, तोच ट्रे, अडकलेला ट्रे सोडवायला तेच बारीक भोक. फरक मागच्या अंगाला. आयडीईला चपटा पट्टा आणि चार पिनांची जाड पॉवर, साटाला बारीक केबल आणि पातळ पट्टीसारखी पॉवर. २००३च्या सुमाराला साटा बाजारात आलं तेव्हा विकणारे एकच आकडा सांगायचे, सेकंदाला १५० एमबी. गिऱ्हाईक हरखून जायचं. मी त्याला विहिरीचं उदाहरण द्यायचो. विहिरीला पाणी दोन इंची असेल तर चार इंची पाइप टाकून ते वाढत नाही. ५२ एक्सचा सीडी ड्राइव्ह अगदी ऐन वेगात, तेही डिस्कच्या कडेला पोचल्यावर, सेकंदाला ७.८ एमबी देतो. १६ एक्सचा डीव्हीडी साधारण २२. जुन्या आयडीईची ३३ एमबीची पाइपसुद्धा दोघांना पुरून उरते. कर्जत-जामखेडच्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आयडीईचं काम मात्र हाताला शिकवावं लागायचं. एका पट्ट्यावर दोन ड्राइव्ह, म्हणून एकाला जंपर लावून मास्टर करायचं, दुसऱ्याला स्लेव्ह. पट्ट्याची लाल कड पॉवरच्या बाजूला. निळं टोक बोर्डाला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. पट्टा अठरा इंचांपेक्षा लांब नको. एका पट्ट्यावरचे दोघं एकाच वेळी माहिती पाठवू शकत नाहीत, त्यामुळे हार्ड डिस्क आणि रायटर एकत्र जोडले की राईट मारताना माहिती वेळेवर पोचायची नाही आणि कोरी सीडी वाया जायची. रायटरला दुसरा चॅनेल स्वतंत्र द्यायचा, हे मी अशा बऱ्याच सीडी वाया घालवून शिकलो. पट्टा घाईनं ओढला की पिना वाकायच्या. संपलेल्या बॉलपेनची रिफिल एकेका पिनेवर चढवून मी त्या सरळ करायचो. अजूनही करतो. ते करताना श्वास आपोआप सावकाश होतो.

एक गोष्ट तर मला आजही सगळ्यांना सांगावीशी वाटते. विंडोज एक्सपीवरचा आयडीई ड्राइव्ह अचानक रडतखडत चालायला लागला, माऊससुद्धा अडकायला लागला, की लोक तो मेला म्हणून फेकायचे. पण एक्सपी त्या चॅनेलवरच्या चुका मोजत असते. सहा झाल्या की वेग एक पायरी खाली, असं करत शेवटी सगळ्यात मंद अशा पीआयओ मोडवर आणून ठेवते आणि तिथून आपणहून वर चढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनेल काढायचा आणि मशीन पुन्हा चालू करायचं, की ड्राइव्ह पूर्ववत. असे कितीतरी ड्राइव्ह मी भंगाराच्या वाटेवरून परत आणले.

तरीही २००६ नंतर मी साटाच्या बाजूनं झालो, आणि त्याला कारण माझीच एक चूक. त्या वर्षी इंटेलनं ९६५ चिपसेट आणला आणि त्याच्या साउथब्रिजमधून आयडीई काढून टाकलं. लोकांचे जुने ड्राइव्ह चालावेत म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी वेगळी चिप बसवून एक आयडीई सॉकेट ठेवलं. एका संगणक वर्गाची दहा मशीनं मी त्या बोर्डांवर जोडली आणि पैसे वाचावेत म्हणून त्यांचेच जुने आयडीई ड्राइव्ह लावले. एक्सपीची सीडी सुरू व्हायची, फायली भरायची आणि मध्येच सीडी ड्राइव्ह सापडत नाही म्हणून थांबायची. ज्या सीडीवरून ती चालली होती, तीच तिला दिसेना! सुरुवातीला डिस्क बायोस वाचतं, पुढं एक्सपी स्वतःच्या ड्रायव्हरनं वाचायला जाते, आणि ती चिप ज्या मोडवर होती त्यात एक्सपीला ओळखू येत नव्हती. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन मी साटा रायटर आणला आणि त्या एकावरून दहाही मशीनं उभी केली. बायोसमधला एक पर्याय बदलून कदाचित ते आयडीईवरही जमलं असतं, हे मला नंतर कळलं. वर्गाच्या बॅचचे दोन दिवस बुडाले ते बुडालेच.

तेव्हापासून मी आधी बोर्ड बघतो. चिपसेट स्वतः जे पोर्ट सांभाळतो, त्यावरच ड्राइव्ह. ९६५ आणि पुढचं असेल तर साटा. त्याच्या आधीचं असेल आणि आयडीई ड्राइव्ह धड वाचत असेल, तर हात लावायचा नाही. इंटेल ८६५चे बोर्ड दोन्ही आपल्याच अंगात घेऊन आलेले होते. तसं एक मशीन मी अजून जिवंत ठेवलं आहे. आयडीई ते साटा कन्व्हर्टर वाचायला चालतात. राईट मारायला मी त्यांच्यावर विसंबत नाही. साटाच्या सुरुवातीच्या केबलला खटका नव्हता. जामखेडहून जीपमध्ये आलेलं मशीन उघडावं तर केबल सैल होऊन लोंबत असायची. खटक्याची केबल घ्या, एवढंच त्यावर सांगणं.

माळ्यावरचा तो रायटर त्या ८६५ला जोडला आणि काकांची डिस्क लावली. जुना ड्राइव्ह जुना म्हणून चांगला, असं माझं म्हणणं नाही. डिस्क वाचते ती लेन्स, तिच्यामागचा लेझर, तिला हलवणारी यंत्रणा आणि चूक सावरण्याची त्या ड्राइव्हची पद्धत. केबल फक्त वाहून नेते. हा रायटर अडेल डिस्कवर वेग उतरवून धीर धरतो, एवढं मला अनुभवानं माहीत आहे. व्हीसीडीला तो धीर लागतो. साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत बरीचशी चूक दुरुस्त करण्याची तजवीज असते. व्हीसीडीच्या व्हिडिओ सेक्टरमध्ये ती तजवीज काढून २३२४ बाइट भरतात, म्हणून तर सव्वा तास चित्र त्यात मावतं. ओरखडा आला की चित्रात चौकोन उमटून पुढं जावं, असं त्यामागचं गणित. विंडोजची कॉपी मात्र तिथं अडून बसते.

डिस्क आधी धुतली. मऊ फडक्यानं मधून कडेकडं सरळ पुसली, गोल नाही. काकांनी नावाच्या बाजूला बॉलपेननं तारीख घातली होती आणि मला खरी भीती तिचीच होती. सीडीचा चकाकता थर वरच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो, खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकची ढाल असते. लोक खालचे ओरखडे जपतात आणि वर पेन चालवतात. वेग ४ एक्सवर आणला, अडलेला सेक्टर पुन्हा पुन्हा वाचणारं सॉफ्टवेअर लावलं आणि काकांना चहा सांगितला.

पहिली डिस्क दोन तासांत उतरली. दुसरी रात्रभर चालली. सकाळी पाहिलं तर शेवटची चार मिनिटं सोडून सगळं आलं होतं. ती चार मिनिटं मी आणखी तीन ड्राइव्हवर प्रयत्न करून पाहिली. त्यातला एक साटा होता आणि अडीच मिनिटं त्यानं दिली. उरलेली दीड तारखेच्या अक्षरांखाली गेली.

काका दुसऱ्या दिवशी आले. हेडफोन लावून दिला. गवळण संपून काल्याच्या अभंगाला पखवाज चढला, तसा त्यांचा उजवा हात काउंटरच्या काचेवर वाजायला लागला. गेलेल्या दीड मिनिटाचं मी आधीच सांगितलं होतं. ते त्याबद्दल बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "२००३चा सप्ताह पण आहे घरी. आन् २००८चा."

"डब्यात घालून आणा काका," मी म्हटलं. "पेपरात नको. आन् त्याच्यावर आता काही लिहू नका."