पळून गेल्यानंतर

अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याच्या वाहतूक कायद्यात एक कलम असते. अपघातात चूक कोणाची, या प्रश्नाशी त्याला काही देणेघेणे नसते. काळोखात एखादा माणूस अचानक गाडीपुढे आला, ब्रेक दाबूनही धडक बसली, तर त्या धडकेपुरता चालक पूर्ण निर्दोष ठरू शकतो. पण तोच चालक न थांबता निघून गेला की तो गुन्हेगार होतो. कायदा त्याच्याकडे तीनच गोष्टी मागतो : थांब, जखमीला मदत कर आणि आपण कोण ते सांग. वरवर पाहता हे कलम विक्षिप्त वाटते. ज्याने काही वाईट केलेच नाही, त्याला केवळ निघून गेल्याबद्दल शिक्षा का? माझ्या मते या कलमामागे एक खोल नैतिक जाण आहे. धडक बसते आणि संपते, ती बऱ्याचदा कोणाच्या हातात नसते. पळणे मात्र संपत नाही. माणूस परत फिरत नाही तोपर्यंत ते चालूच असते, आणि त्यातले प्रत्येक मिनिट त्याच्या हातात असते. म्हणून पळून जाणाऱ्याचा हिशेब धडकेच्या क्षणापासून नव्हे, तर त्यानंतरच्या पहिल्या मिनिटापासून मांडायला हवा.

हा प्रश्न मूठभर बेदरकार लोकांपुरता नाही. 'ट्रिपल ए' या अमेरिकी मोटारचालकांच्या संघटनेच्या वाहतूक सुरक्षा प्रतिष्ठानने 2018 मध्ये काढलेल्या अहवालानुसार 2016 या एका वर्षात अमेरिकेत चालक पळून गेलेल्या अपघातांत 2,049 माणसे मेली. 2006 पासून अशा लहानमोठ्या अपघातांची वार्षिक सरासरी 6 लाख 82 हजारांवर होती. मेलेल्यांपैकी सुमारे 65 टक्के लोक पायी चालणारे किंवा सायकलवर होते. हा शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका आहे. दोन मोटारी एकमेकींवर जोरात आदळल्या तर दोन्ही चालक बऱ्याचदा तिथेच अडकतात, गाड्याही बहुधा हलण्याजोग्या राहत नाहीत. पायी चालणाऱ्याला उडवले तर एक जण रस्त्यावर पडतो आणि दुसऱ्याच्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर शाबूत असतो. पळणे शक्य होते ते या विषमतेमुळे. ज्याच्याभोवती लोखंड आहे त्याला निवड करता येते, ज्याच्याभोवती काहीच नाही तो त्या निवडीवर अवलंबून राहतो. सामर्थ्य एकाच बाजूला असले की जबाबदारीही त्याच बाजूला जास्त पडते, एवढे तर कोणताही नीतिविचार मान्य करील.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात ऑक्टोबर 2001 मध्ये जे घडले, त्यात ही निवड जवळजवळ प्रयोगशाळेत ठेवावी तशी उघडी पडली. नशेत गाडी चालवणाऱ्या एका तरुणीने रस्त्यावरच्या एका बेघर माणसाला धडक दिली. तो काच फोडून अर्धा गाडीत अडकला. ती तशीच घरी गेली, गाडी गॅरेजमध्ये उभी केली आणि दार लावून घेतले. तो माणूस तिथे रक्तस्राव होऊन मेला. नंतर ओळखीच्यांच्या मदतीने त्याचे प्रेत एका बागेत नेऊन टाकले. ही तरुणी रुग्णसेविकेचे काम करीत असे. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, अशी वैद्यकीय साक्ष खटल्यात झाली. 2003 मध्ये ज्यूरीने तिला खुनाबद्दल दोषी धरले आणि 50 वर्षांची शिक्षा दिली. अपघाताचा खून कसा झाला? धडकेच्या क्षणी तिच्या मनात कोणाला मारायचे नव्हते. गॅरेजचे दार लावून घेतल्यावर मात्र एक फोन केला तर तो जगेल आणि न केला तर मरेल, अशी परिस्थिती तिच्या समोर होती. ती परिस्थिती तिने तो मरेपर्यंत तशीच राहू दिली. पळण्याने अपघाताचा अर्थच बदलून टाकला.

यावर एक आक्षेप लगेच येईल. फोर्ट वर्थचा माणूस जिवंत होता, पण बळी जागीच मेला असेल तर? मग पळण्याने नवे नुकसान काय झाले? मेलेल्याला मदत लागत नाही. या आक्षेपाला पहिले उत्तर असे की, बळी जागीच मेला हे पळणाऱ्याला कळणार कसे? त्यासाठी थांबून पाहावे लागते. जो न बघता निघून जातो, त्याने दुसऱ्याचे जगणे-मरणे नशिबावर सोडलेले असते. नशीब त्याच्या बाजूने पडले, म्हणून त्याची कृती निष्पाप होत नाही. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. जखमीला मदत हवी असते, तसे मागे राहिलेल्यांना सत्य हवे असते. 18 जुलै 1969 च्या रात्री सिनेटर एडवर्ड केनेडी यांची गाडी मॅसॅच्युसेट्समधल्या चॅपाक्विडिक बेटावर पुलावरून पाण्यात पडली. ते बाहेर आले. सोबतची मेरी जो कोपेक्नी ही 28 वर्षांची तरुणी गाडीतच राहिली. पोलिसांना त्यांनी कळवले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, बुडालेली गाडी इतरांच्या नजरेला पडल्यावर. प्रेत बाहेर काढणाऱ्या पाणबुड्याचे मत असे पडले की, ती गाडीतल्या हवेच्या पोकळीत काही काळ जिवंत असावी. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे ते मत सिद्ध झाले नाही आणि खोटेही ठरले नाही. केनेडींनी घटनास्थळ सोडल्याचा गुन्हा कबूल केला, दोन महिन्यांची शिक्षा स्थगित झाली आणि 2009 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सिनेटर राहिले. पोलिसांना लगेच न कळवणे समर्थनीय नव्हते, असे त्यांनीच दूरचित्रवाणीवर सांगितले होते. तरीही आपली मुलगी किती वेळ जिवंत होती, या प्रश्नाचे उत्तर कोपेक्नी कुटुंबाला कधीच मिळाले नाही. ज्या काही तासांत ते मिळू शकले असते, ते तास निघून गेले होते.

सत्याचे देणे केवळ शरीराने तिथे थांबून फिटत नाही, हे साउथ डकोटातल्या प्रकरणाने दाखवले. 12 सप्टेंबर 2020 च्या रात्री राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल जेसन रॅव्हन्सबोर्ग यांच्या गाडीने हायमोर गावाजवळ रस्त्याकडेने चालणाऱ्या माणसाला उडवले. ते थांबले, त्यांनी आणीबाणीच्या क्रमांकावर फोनही केला. पण कशाला तरी, बहुधा हरणाला धडक बसली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेत सापडले दुसऱ्या सकाळी. मृताचा चष्मा मात्र त्यांच्या गाडीच्या आत मिळाला. पळून गेल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला नाही, किरकोळ गुन्ह्यांचा दंड भरून खटला आटोपला. पण जून 2022 मध्ये राज्याच्या सिनेटने महाभियोगात त्यांना दोषी ठरवून पदावरून दूर केले. आपल्याला कळलेच नव्हते, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या मनात खरे काय होते, याचा निवाडा मी करणार नाही. पण लोकप्रतिनिधींनी ज्या कसोटीवर त्यांना तोलले ती मला पटते : थांबणे म्हणजे समोर काय पडले आहे ते डोळे उघडून पाहणे. न पाहण्याची सोय करून थांबणे हे पळण्याच्याच जातीचे असते.

आता कायदेशीर आक्षेप. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येणार नाही, हे अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत आहे. आपल्या घटनेच्या कलम 20 मध्येही तेच संरक्षण आहे. मग थांबून नाव सांगण्याची सक्ती म्हणजे स्वतःच्या हाताने बेड्या घालून घेणे नव्हे काय? हा वाद मोटारीइतकाच जुना आहे. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1913 मध्येच असा कायदा वैध ठरवला होता. 1971 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा प्रश्न संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि पाच विरुद्ध चार मतांनी तो टिकला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचा युक्तिवाद असा की, नाव-पत्ता सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. अपघातात सापडणारी बहुतेक माणसे गुन्हेगार नसतात, आणि नुकसानभरपाई ठरायची तर समोरचा कोण हे कळलेच पाहिजे. विरोधात मत देणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. ज्याने नियम मोडून धडक दिली, त्याच्यासाठी नाव सांगणे हेच पुराव्याचे पहिले पान असते. तरी मला बहुमताची बाजू योग्य वाटते. गप्प राहण्याचा हक्क व्यक्तीला सरकारच्या बळापासून वाचवण्यासाठी असतो. रस्त्यावर पडलेला माणूस म्हणजे सरकार नव्हे. ज्याला आपण जखमी केले त्याच्याशी आपले नाते त्या क्षणी जोडले गेलेले असते, ते नाकारण्याचा हक्क कोणतीही घटना देत नाही. धडक कशी झाली, मी किती प्यायलो होतो, याबद्दल चालकाने खुशाल मौन पाळावे. पण 'मी इथे आहे' एवढे सांगणे हे साक्षीच्या आधीचे, साधे माणूस म्हणून असलेले देणे आहे.

तिसरा आक्षेप माणसाच्या दुबळेपणाचा आहे, आणि त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. धडक बसली की अंगाचे पाणी होते, हातपाय कापतात, डोके चालत नाही. पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. अशा भेदरलेल्या माणसाला पाषाणहृदयी म्हणणे न्याय्य आहे का? पहिल्या मिनिटापुरते नाही. पण भीती ओसरते. पुढच्या सिग्नलला गाडी थांबते, घर येते, रात्र जाते, सकाळी बातमी कानावर पडते. यातल्या प्रत्येक ठिकाणी परतीचा रस्ता मोकळा असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा विचार शांत डोक्यानेच सुचतो. आपल्याकडे पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा विस्ताराने विचार केला आहे. अजाणता घडलेले पाप आणि जाणूनबुजून केलेले पाप यांत जुन्या शास्त्रकारांनी फरक केला होता, आणि आपले कृत्य चारचौघांत सांगणे हा पापक्षालनाचा एक मार्ग मानला होता. त्यांच्या अनेक नियमांशी आज आपले जमणार नाही, पण ही जोडी अचूक आहे. पळणारा अजाणता घडलेले लपवतो, आणि लपवण्याच्या त्या कृतीने जाणूनबुजून केलेले दुसरे पाप पदरात घेतो. पहिल्याला क्षमा सहज मिळाली असती. दुसऱ्यासाठी ती मागायला तोंड राहत नाही, कारण क्षमा मागायची तर आधी समोर यावे लागते.

इथपर्यंत आले की 'मग फाशीच द्या' असा सूर लागतो. तो मला मान्य नाही, कारण शिक्षेच्या गणितातच कित्येकदा पळण्याचे आमिष दडलेले असते. फ्लोरिडात 2012 साली मायामीच्या रिकनबॅकर कॉजवेवर एका सायकलस्वाराला उडवून चालक पळाला. त्याला वर्षभरापेक्षाही कमी तुरुंगवास झाला. दारू पिऊन थांबला असता आणि नशेत मृत्यू घडवल्याचे सिद्ध झाले असते, तर किमान चार वर्षांची सक्ती होती. म्हणजे कायदाच नशेतल्या चालकाच्या कानात सांगत होता : पळ, नशा उतरू दे, मग ये. मृताच्या नावाने 2014 मध्ये तिथे कायदा झाला आणि पळण्यालाही किमान चार वर्षे लागू झाली. ही फट बुजवणे आवश्यकच होते. तरीही त्या राज्यात आजही पळून जाण्याचे अपघात दरवर्षी लाखाच्या घरात होतात. भारतात नव्या न्याय संहितेच्या कलम 106 मधल्या एका पोटकलमात अशा चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला. थांबलो तर जमाव ठेचून मारील, हे त्यांचे म्हणणे काल्पनिक नव्हते. सरकारने ते पोटकलम बाजूला ठेवून बाकीची संहिता लागू केली. भीती खरी असेल तर तिच्यावर आणखी एक भीती लादून माणूस थांबत नाही.

काय केल्याने थांबतो, याचा एक ठोस पुरावा कॅलिफोर्नियाने दिला. 2015 पासून तिथे कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांनाही वाहन परवाना मिळू लागला, आणि पहिल्याच वर्षी सहा लाखांच्या आसपास लोकांनी तो घेतला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले की, त्या वर्षी एकूण अपघात वाढले नाहीत, पळून जाण्याचे अपघात मात्र सात ते दहा टक्क्यांनी घटले. म्हणजे सुमारे चार हजारांनी. ही माणसे एका रात्रीत सज्जन झाली नव्हती. धडकेनंतर थांबलो तर गाडी जप्त होईल, कदाचित देशही सोडावा लागेल, ही भीती उतरली आणि त्यांच्यातला जो माणूस थांबू इच्छीत होता त्याला वाव मिळाला. इलिनॉयचा कायदा याहून सूक्ष्म आहे. कोणी जखमी वा मृत झालेल्या अपघातात न थांबलेल्या चालकाला तो अर्ध्या तासात पोलिसांकडे येऊन कळवायला सांगतो. आलाच, तर त्या माहितीच्या आधारे न थांबल्याचा खटला त्याच्यावर भरता येत नाही. न आल्यास गुन्हा अधिक गंभीर होतो. भेदरलेला माणूस आणि निर्ढावलेला माणूस यांत अर्ध्या तासाने फरक करणारा हा कायदा मला मानवी स्वभावाचा चांगला जाणकार वाटतो.

परवाने देऊन, मुदती देऊन आपण नैतिकता स्वस्त करत नाही का, असे कोणी विचारील. उलट आहे. जोपर्यंत थांबण्याची किंमत अवाजवी असते, तोपर्यंत पळणाऱ्याला तिच्या आडोशाला उभे राहता येते : जमाव होता, कागद नव्हते, शिक्षा फार होती. समाजाने एकेक आडोसा काढून घेतला, जमावाला आवरले, परतीची मुदत दिली, नशेत थांबणाऱ्याला पळणाऱ्यापेक्षा जास्त शिक्षा होणार नाही याची खात्री दिली, की मग उरते ती निव्वळ निवड. त्यानंतरही जो पळतो त्याच्यावर कायद्याने कठोर व्हावे. तेव्हाच त्या कठोरपणाला अर्थ येतो. आणि ज्याला कायदा कधीच पकडत नाही, त्याचाही हिशेब मिटत नाही. एका चुकीला सामोरे जाणे टाळण्यासाठी त्याने आयुष्यभराचे लपणे पत्करलेले असते. त्याने ज्याला रस्त्यावर सोडले त्याला आणि त्याच्या घरच्यांना मदत, सत्य आणि क्षमा करण्याची संधी या तिन्हींना मुकावे लागते. यांतल्या मदतीची वेळ काही मिनिटांत निघून जाते. उरलेल्या दोन गोष्टी तो आजही देऊ शकतो. दहा वर्षांनी देऊ शकतो. तोवर तो पळतोच आहे.