राजापुरीच्या धक्क्यावर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मुरुड-जंजिरा पाहायला गेलो आणि राजापुरीच्या धक्क्यावरूनच परतलो. आमच्या अयानला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहे. लांब रांग, ऊन, नावाड्यांच्या हाका. त्याने कान झाकून जमिनीवर अंग टाकले. "वेळीच वळण लावायला हवं होतं," मागच्या एक खाला म्हणाल्या. मी स्वतः शिक्षिका, तरी मान खाली गेली.

घरी आल्यावर उमजले, वळणाचा प्रश्नच नव्हता. गर्दीची वेळ आम्ही निवडली होती.

या खेपेस फजर पढून निघालो आणि पहिलीच होडी धरली. आठ दिवस आधीपासून त्याला वहीत चित्रे काढून दाखवली: रांग, होडी, दरवाजा, घर. कानांवर हेडफोन, खिशात भाजके चणे.

जंजिऱ्याचा दरवाजा लांबून दिसत नाही, नुसता तट दिसतो. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांमध्ये तो सापडतो. आत सिद्दींची कलालबांगडी तोफ आहे आणि भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव. अयानने तोफेकडे पाहिलेही नाही. तो बुरुज मोजत सुटला, मी मागे धावत.

बहिणींनो, रांगेत असे मूल दिसले तर सल्ला देऊ नका. त्याच्या आईला पुढे जाऊ द्या.

गाईड म्हणाला, बुरुज 19 आहेत. परतताना अयान म्हणाला, "अम्मी, माझे सातच झाले. बारा राहिले. परत यायचं."

इन्शाअल्लाह, परत जाऊ.