जत्रेतील डफ

कॅलिफोर्नियात लेकीकडे गेले असता ‘रेनेसान्स फेअर’ नावाच्या जत्रेत वाजवण्याचा योग आला. सोळाव्या शतकातील इंग्लंडचा बाजार उभा करणारी ही जत्रा १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे एका शिक्षिकेने प्रथम भरवली. आता अशा जत्रा अमेरिकेत ठिकठिकाणी भरतात.

लेकीच्या वाद्यवृंदात बासरी, ल्यूट आणि हर्डी-गर्डी होती. हर्डी-गर्डीचा दांडा फिरवला, की चाक तारांवर घासते आणि तंबोऱ्यासारखा अखंड सूर निघतो. (तंबोऱ्याइतका गोड मात्र नाही!) त्या दिवशी तालवादक आजारी पडला. लेकीने त्याचे वाद्य माझ्या हाती दिले. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे, हुबेहूब आपला डफ! माझे वडील शाहीर. परंतु ‘हे बायकांचे वाद्य नव्हे’ असे ते म्हणत, म्हणून घरातल्या डफावरची केवळ धूळच मी पुसली होती.

अंगात जाड घागरा, डोक्यावर पांढरी टोपी. पहिलीच धून सुरू झाली आणि माझा हात केरव्यात पडला. सूर पुढे गेले, मी मागे राहिले. लेकीने बासरी न थांबवता पायाने ठेका दाखवला, तीन-तीन. म्हणजे दादराच की! मग हात सैल झाला. ओळीने चार धुना वाजवल्या.

खाली उतरल्यावर एका वृद्ध श्रोत्याने विचारले, “कोणाकडे शिकलात?”

मी वडिलांचे नाव सांगितले.