तांदूळ गोंदियाचा, बिल रायपूरचे

देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या हद्दीतल्या एका लोहखनिज खाणीच्या खरेदी विभागात माझी बरीच नोकरी गेली. कंपनीचे नाव घेत नाही. पुढे सांगितलेल्या कागदांवर सह्या माझ्याच होत्या.

पहिली चूक टेंडरची. कँटीनचा किराणा, गणवेश, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती असे सगळे मी एकाच वार्षिक ठेक्यात बांधले. एक पुरवठादार, एक बिल, मला ताप कमी. वर तीन वर्षांच्या उलाढालीची आणि अनामत रकमेची अट. गोंदिया जिल्ह्यात राईस मिलना तोटा नाही. पण तांदळासोबत गणवेशही पुरवा म्हटल्यावर लहान मिलवाला टेंडर भरणार कसा? ठेका रायपूरच्या व्यापाऱ्याकडे गेला. तो तांदूळ गोंदियातूनच उचलायचा आणि आपला नफा चढवून आम्हाला द्यायचा. केंद्र सरकारच्या कंपन्यांना २०१२ च्या धोरणानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करावी लागते. आज तिचे प्रमाण किमान २५ टक्के आहे आणि त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. ‘आपण खासगी, आपल्याला लागू नाही,’ असे मी बैठकीत सांगायचो. सक्ती नव्हती हे खरे, पण मनाई तरी कुठे होती?

दुसरी चूक शिलाई मशिनांची. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, देवरी तालुक्यातल्या एका बचत गटाला आम्ही मशिने दिली. गटात बहुतेक गोंड आणि हलबा बाया. फोटो छापून आले. खाणीतले गणवेश मात्र ठेकेदार बाहेरूनच शिवून आणत राहिला. सीएसआरच्या बैठकीत मी असायचो आणि खरेदीच्या बैठकीतही मीच. तरी मशिने दिलीत तर शिवायला काम कोण देणार, हा प्रश्न मी दोन्हीकडे विचारला नाही.

तिसरी चूक सर्वांत वाईट. पुढे एकदाची गटाला ऑर्डर दिली. गणवेश वेळेत आले, शिलाईत खोट नव्हती. बिल मात्र स्टोअर, तपासणी, लेखा विभाग असे फिरत राहिले आणि पैसे निघायला चार महिन्यांहून जास्त लागले. कापडासाठी काढलेल्या उधारीच्या व्याजात बायांची मजुरी गेली. पुढच्या ऑर्डरसाठी फोन केला तेव्हा गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, “नको जी साहेब. गावात ब्लाउज शिवला तं पैसा त्याच दिवशी भेटते. तुमच्याकडं नुसती तारीख भेटते.”

२००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार करारात काहीही लिहिले तरी सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. या संरक्षणासाठी लागणारी उद्यम नोंदणी मोफत होते. मला हे ठाऊक होते, गटाला नव्हते आणि मी सांगितले नाही. नोंदणी झाली तर व्याज आमच्याच अंगावर येईल, हा हिशेब माझ्या मनात होता. लिहायला जड जाते, पण खरे तेच आहे.

२०२३-२४ पासून आयकराचा नियम बदलला. मुदत उलटून वर्षअखेरीस असे बिल थकलेले असेल, तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. मग आमचा लेखा विभाग दिवस मोजू लागला. बायांच्या तक्रारीने जे झाले नव्हते, ते कराच्या धाकाने झाले.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कोळसा पट्ट्यात बीएचपी ही खाण कंपनी २०१२ पासून लहान स्थानिक व्यवसायांसाठी वेगळी खरेदी योजना चालवते. तेव्हा लहान स्थानिकांकडून खरेदी करणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. खरेदी विभागात बसलेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे: ठेके लहान करा, उलाढालीची अट कामाच्या आकाराप्रमाणे ठेवा आणि मशीन देण्याआधी ऑर्डर द्या. बचत गटांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी, तोंडी ऑर्डरवर माल देऊ नये आणि माल पोचवल्यावर चलनाच्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नये.