एक नाव, दोन फुले

भाषाविज्ञानाच्या तासाला फर्दिनां द सोस्यूर शिकवताना आम्ही दोघेही वर्षानुवर्षे झाडाचेच उदाहरण देत आलो. चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, एवढे सांगून झाले की तास संपतो. त्या यादृच्छिकतेची खरी किंमत आम्हांला हिमालयातल्या एका फुलाने शिकवली.

महाराष्ट्रात ‘ब्रह्मकमळ’ म्हटले की कुंडीत एखाद्या रात्री उमलणारे आणि पहाटे मान टाकणारे शुभ्र फूल डोळ्यांपुढे येते. ते निवडुंगाच्या कुळातले, मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ मात्र सूर्यफुलाच्या कुळातले. हेमकुंडाच्या वाटेवर, सुमारे ४००० मीटर उंचीवर, ते खडकांच्या आधाराने उभे असते. त्याची फिकट, कागदासारखी आवरणे म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती सहपत्रे. त्यांच्या आत जांभळट फुलांचे गुच्छ थंडीवाऱ्यापासून जपलेले असतात. शास्त्रीय नाव ‘सोस्युरिया ऑब्व्हॅलाटा’. उत्तरपदाचा अर्थ ‘तटबंदीने वेढलेली’; पूर्वपद जिनिव्हाच्या सोस्यूर घराण्याचे. आल्प्सचे थोर अभ्यासक ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे आपल्या फर्दिनांचे पणजोबा!

पुढे डेहराडूनला एका हर्बेरियममध्ये आम्ही हेच फूल कागदावर चिकटवलेले पाहिले. असा नमुना शक्यतो मुळासकट घेतात, वर्तमानपत्राच्या घडीत दाबतात, ओल धरलेले टिपकागद पुनःपुन्हा बदलतात. वाळताना रंग उडतो, म्हणून तो जागेवरच टिपून ठेवायचा. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर स्थळ, उंची, तारीख आणि संग्राहकाचे नाव. एवढ्या मोजक्या शब्दांत इतके नेमके लेखन आम्ही क्वचितच वाचले आहे. वनस्पतीच्या जातीचे शास्त्रीय नाव बहुधा अशाच एका वाळलेल्या नमुन्याला कायमचे बांधलेले असते. वाद झाला तर अखेरची साक्ष त्याची. पणतवाने सांगितलेल्या यादृच्छिकतेवर माणसाने काढलेला हा एक उपाय.

संग्राहक एखादाच नमुना घेतो. देवळांत वाहण्यासाठी मात्र हे फूल मोठ्या प्रमाणावर खुडले जाते. बी धरण्याआधीच खुडलेल्या फुलाला पुढची पिढी नसते. उद्या ते डोंगरावरून नाहीसे झाले, तरी ‘ब्रह्मकमळ’ हा शब्द आपल्या कुंड्यांतून सुखाने नांदत राहील आणि काही हरवल्याचे कुणाला जाणवणारही नाही. शब्द टिकला म्हणजे वस्तू टिकली, असे मानण्याची सवय आम्हां भाषेच्या माणसांना फार. त्या सवयीला ती कोपऱ्यातली चिठ्ठी पुरेसे उत्तर आहे.