मराठीवाल्या टीचर

आमच्या इमारतीत मला नावाने ओळखणारे थोडेच. 'तीसरे माले की मराठीवाली टीचर' म्हटले की जिन्यात खेळणारे कोणतेही पोर माझ्या दारापर्यंत आणून सोडते. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते आणि कौशात राहते. मुंब्रा-कौशाबद्दल बाहेर बरेच काही बोलले जाते, त्यात आज मी शिरत नाही. माझ्यासाठी कौसा म्हणजे मागे पारसिकचा डोंगर, समोरच्या गॅलरीतून हात लांबवला तर लागेल अशी शेजारची इमारत, आणि पाणी आले की मजल्यामजल्यावरून ऐकू येणारी 'पानी आया' ही हाक.

आमच्या इमारतीत आझमगढ आणि बस्तीकडची घरे आहेत, बिहारची आहेत, एक मालेगावचे आहे, आणि आम्ही काही कोकणी, म्हणजे रायगड-रत्नागिरीचे. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईच्या वस्त्या सोडून आलेलीही काही कुटुंबे आहेत. आपापसातले बोलणे हिंदी-उर्दूत होते, मुलांची शाळा बहुतेक इंग्रजी, वडीलधाऱ्यांचे वाचन उर्दू. मग मराठी येते कुठून? पाकिटातून. महानगरपालिकेचे कराचे बिल, शाळेचा दाखला, पोलीस ठाण्यातून आलेला कागद, गावचा सातबारा, तहसील कचेरीचे पत्र. आमच्या लोकांच्या घरात मराठी ही कागदाची भाषा आहे, आणि कागदाची भाषा माणसाला घाबरवते. पहिल्या मजल्यावरची एक बाई शिक्का मारलेला कागद दोन दिवस कुराणाच्या रेहलखाली ठेवून दुआ मागत होती. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला, तर मुलाच्या शाळेतल्या पालक सभेची सूचना! सभा आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

असरची नमाज झाली की माझ्या दाराची बेल वाजू लागते. आमचे साहेब थट्टेने म्हणतात की दारावर 'सेतू केंद्र' अशी पाटी लावू या. सासूबाईंना मात्र हे फारसे आवडत नसे. चहाचा खर्च हे एक कारण. दुसरे कारण त्या बोलून दाखवत नसत, पण मला ठाऊक होते. कागद वाचणाऱ्याला घराघरातली गोष्ट कळते. कोणाचे कर्ज थकले, कोणाच्या मुलीचा खटला कोर्टात आहे, कोणाच्या नवऱ्याने घर कोणाच्या नावावर केले, हे मला कळते आणि मग जिन्यात भेटल्यावर ती बाई माझ्या नजरेला नजर देत नाही. माझा हेतू चांगला असला तरी तिचे झाकलेले माझ्यापुढे उघडे झालेलेच असते. यावर उपाय एकच, तिचा कागद तिला वाचता यावा.

नावांचा घोळ तर विचारूच नका. उर्दूत एकच असलेले नाव देवनागरीत उतरताना लिहिणाऱ्या कारकुनागणिक बदलते. दाखल्यावर 'खातून', शिधापत्रिकेवर 'खातुन', आधारवर 'खतून'. फातिमाची फातेमा होते, शेखचा शैख होतो. बाई एकच, पण कागद म्हणतात तिघी. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, रोजंदारी बुडवून खेटे घाला. हे सगळे एका वेलांटीपायी. अर्ज भरला जात असताना समोर बसलेल्या बाईला स्वतःचे नाव देवनागरीत वाचता आले असते, तर तिने तिथेच बोट ठेवून सांगितले असते, 'साहेब, हे चुकले.' म्हणून माझ्या वर्गात मी मुलांकडून आधी त्यांचे स्वतःचे, मग आईचे आणि मग आजीचे नाव लिहून घेते. निबंध वगैरे नंतर.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याआधीपासून होतीच. पण शाळेतल्या मराठीत फुले, पाखरे आणि सहल असते, तर पाकिटातल्या मराठीत 'उपरोक्त विषयान्वये' असते. गंमत अशी, की या दुसऱ्या मराठीत आपलेच शब्द ठासून भरलेले आहेत. अर्ज, तारीख, मुदत, दाखला, वारस, मालक, जमीन, मंजूर, रद्द, हजर, कबूल, मोबदला, मयत, सगळे अरबी-फारसीतून आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला होता. तरी साडेतीनशे वर्षांनंतर तलाठी 'अर्ज'च मागतो आणि 'तारीख'च टाकतो. उर्दू शिकलेल्या बाईला मी हे शब्द देवनागरीत लिहून दाखवते, तेव्हा हरवलेले भांडे शेजारणीच्या घरात सापडावे तसा तिचा चेहरा होतो.

अर्थात काही भांड्यांचा आकार बदललेला असतो, तेवढे सांभाळावे लागते. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची जागा. आणि 'सदर' म्हणजे आपल्याकडे अध्यक्ष, पण कागदावर सदर म्हणजे 'वर सांगितलेला'.

हे 'सदर' आठवले की मला खाला आठवतात. पाचव्या मजल्यावर राहतात, साठी ओलांडली आहे. माहेर म्हसळा तालुक्यातल्या एका गावात. नवरा जहाजावर होता, वारला त्याला बरीच वर्षे झाली. खालांची गोष्ट त्यांच्याच परवानगीने लिहिते आहे. 'नाव नको, बाकी लिव,' असे त्या म्हणाल्या. खालांची बोली कोकणी, म्हणजे मराठीचीच बहीण. पण शाळा झाली चौथीपर्यंत, तीही उर्दूत. त्यामुळे आयुष्यभर मराठी बोलूनही त्यांना मराठीचे एक अक्षर वाचता येत नव्हते. आमच्या कोकणी घरांत अशा पुष्कळ बाया आहेत.

मागच्या रमजान ईदनंतर शीरखुर्म्याचे रिकामे भांडे परत द्यायला त्या आल्या आणि दारातच म्हणाल्या, 'मना शिकव.' नातू मोबाइलवरचे संदेश वाचून दाखवी, पण अर्धे वाचून पळून जाई. मी पहिलीच्या मुलांचे पुस्तक काढले, ते त्यांनी बाजूला सारले. कमळ आणि बदक त्यांना नको होते. मग विजेच्या बिलावरून सुरुवात केली. उजवीकडून डावीकडे फिरायची सवय असलेले बोट डावीकडून उजवीकडे न्यायला त्यांना आठवडा लागला. ळ आणि ण यांनी फार छळले, कारण त्यांच्या तोंडी पाण्याचे पानीच होते. पण तीन-चार महिन्यांत बिल, औषधाची चिठ्ठी, दुकानांच्या पाट्या असे करत गाडी रुळावर आली. बसमधून जाताना पाट्या मोठ्याने वाचतात, अशी सुनेची तक्रारही आली.

मग एके दिवशी त्या एक जाड पाकीट घेऊन आल्या. भावांनी गावाहून पाठवले होते. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी वाडी अजून त्यांच्याच नावावर होती, आता वारस नोंद करायची होती. सोबत फोनवर निरोप, 'नुसती सही करायची आहे, अमुक दिवशी गावाला ये.' मी हात पुढे केला, तर त्यांनी कागद मागे ओढला. म्हणाल्या, 'तू नको. मी वाचतंय.'

आणि चष्मा लावून, बोट ठेवून त्यांनी वरच्या ओळीपासून सुरुवात केली. ह... क्क... सो... ड. पुन्हा एकदा. मग माझ्याकडे पाहून विचारले, 'हक सोड?' मी मान हलवली. हक्कसोडपत्र म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्याच्या लाभात सोडून दिल्याचा दस्त. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तो नोंदवला जातो, आणि एकदा नोंदवला की 'मला समजले नव्हते' हे सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते. हा शब्द मी खालांना कधी शिकवला नव्हता. पण त्यात शिकवण्यासारखे होते काय? अर्धा शब्द कुराणातून ऐकलेला, अर्धा त्यांच्या बोलीतला.

त्या पुढे वाचत राहिल्या. 'सदर मिळकत' आले तेव्हा 'यात सदर कोन?' असे विचारून थोड्या हसल्या. 'कोणताही मोबदला न घेता' इथे थांबल्या. शेवटी ते ठरलेले वाक्य आले, अशा दस्तांत असते तेच, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे. हे त्यांनी तीनदा वाचले. मग एकेक बोट दुमडत म्हणाल्या, 'राजी. खुशी. अक्कल. हुशारी. चारी आपलेच लफ्ज. आन चौघांतला एक पन मना कोनी विचारला नाय.'

आतून सासूबाई ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन बसल्या आणि संध्याकाळभर जे झाले ते वाचकांपैकी पुष्कळ जणींनी आपापल्या घरी ऐकले असेल. सासूबाईंचे म्हणणे, बहिणीने भावाकडे हिस्सा मागितला की माहेरचे दार बंद होते. दर मे महिन्यात आंब्याची पेटी येते, बाळंतपणाला, आजारपणाला भावजय धावून येते, ते सगळे चार गुंठ्यांसाठी घालवायचे? समोरच्या घरातली बस्तीवाली सून म्हणाली की आमच्याकडे तर मुलीला विचारतही नाहीत. नमाज-रोज्याच्या बाबतीत केसभर सवलत न देणारी आपली माणसे वारशाचे पान मात्र हळूच उलटून पुढे जातात, हे मी त्या दिवशी बोलून दाखवले आणि आजही म्हणते. सूरह अन-निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. मालमत्ता थोडी असो वा जास्त, स्त्रीचा त्यात ठरलेला हिस्सा आहे, हेही तिथेच सांगितले आहे. भावाने उदार होऊन द्यावी अशी ती भेट नव्हे. बहिणीला तो सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, पण आधी तो तिच्या हातात तर पडू द्या! पेटीभर आंबे ही वाटणीची पावती होत नाही.

आणखी एक गोष्ट मी सासूबाईंना सांगितली, जी त्यांना पटली. कुराणातली सर्वांत मोठी आयत, अल-बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, नाही म्हणू नये, साक्षीदार घ्यावेत, असे तिच्यात बारकाईने सांगितले आहे. सासूबाई दररोज तिलावत करतात, आयत त्यांना पाठ आहे. अर्थ ऐकून त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग चहा टाकायला स्वतः उठल्या.

खालांनी सही केली नाही आणि भांडणही केले नाही. माझ्या घरातूनच मोठ्या भावाला फोन लावला. खुशाली विचारली, पाऊस विचारला, भावजयीच्या गुडघ्यांचे विचारले. मग म्हणाल्या, 'भाई, कागद मी वाचला.' पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. नंतर भावाने विचारले, 'कोनी वाचून दावला?' खाला म्हणाल्या, 'मीच वाचला.'

त्यानंतरचे दोन महिने सोपे गेले नाहीत. धाकट्या भावाने फोन घेणे बंद केले. भावजयीने कोणाकरवी निरोप पाठवला की शहराचे पाणी लागले. खाला रात्री झोपत नसत, रक्तदाब वाढला. 'मिटवून टाक अम्मी,' असे त्यांचा मुलगाच म्हणू लागला, आणि एकदा त्या स्वतःही पेन घेऊन बसल्या होत्या. मी काही बोलले नाही. त्यांचा हिस्सा, त्यांचेच भाऊ. मी फक्त वारस नोंदीचा क्रम त्यांना समजावून दिला होता, की अर्जासोबत सगळ्या वारसांची नावे प्रतिज्ञेवर द्यावी लागतात, तलाठी फेरफार घालतो, नोटीस निघते आणि हरकत घ्यायला 15 दिवसांची मुदत असते. 'हरकत म्हंजे हिलना नाय, अडवना,' हे त्यांनी वहीत उर्दूत टिपून ठेवले होते.

पावसाळा सरता सरता मोठे भाऊ आले. माझ्या घरी आले नाहीत, पाचव्या मजल्यावर गेले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, मी विचारलेही नाही. जाताना ते जिन्यात भेटले, सलाम केला, आणि 'तुम्हीच का त्या मराठीवाल्या टीचर?' असे विचारून उत्तराची वाट न पाहता खाली उतरले. रागावलेले होते की नाही, ते त्यांच्या पाठीवरून कळले नाही.

सातबाऱ्यावर आता भावांबरोबर बहिणीचेही नाव लागले आहे. वाटप झालेले नाही, कधी होईल सांगता येत नाही, आणि धाकट्या भावाचा फोन अजून लागत नाही. यंदाच्या मे महिन्यात पेटी आली, पण मोठ्या भावाकडून. त्यातले सहा आंबे खालांनी आमच्याकडे पाठवले आणि मागोमाग स्वतः मोबाइल घेऊन आल्या. पडद्यावर सातबारा उघडलेला होता. वडिलांच्या नावाखाली स्वतःचे नाव त्यांनी मला वाचून दाखवले आणि वेलांटीवर बोट ठेवून म्हणाल्या, 'बग, ही ऱ्हस्व टाकलीय. आता अर्ज कसा करायचा ता सांग.'